थर्टी-थर्टी लिव्हर रायफल : ओतीव गोळ्यांनी नळी शिसं धरते आणि झिरो टिकत नाही

तक्रार साधारण अशी असते. विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६, म्हणजे खालचा दांडा (लिव्हर) ओढून काडतूस भरायची रायफल, थर्टी-थर्टी या काडतुसाची. साच्यात ओतलेल्या १७० ग्रेन वजनाच्या शिशाच्या गोळ्या. पहिल्या आठ-दहा गोळ्या १०० यार्डांवर तीन इंचांत बसतात, मग ग्रुप (भोकांचा पुंजका) फुटायला लागतो आणि विसाव्या गोळीपर्यंत कागदावर कुठेही भोक पडतं. मागची साइट (नेम धरायची खूण) एक पायरी वर सरकवली जाते. पुढच्या शनिवारी नळी साफ करून बसलं, की पहिलीच गोळी चार इंच वर. साइट परत खाली. हरणांचा सीझन तोंडावर येतो, तरी रायफल नेमकी कुठे मारते ते ठरत नाही.

यात दोन दुखणी दिसतात, पण मूळ एक आहे. नळीत शिसं साचत असेल, तर प्रत्येक गोळी आधीच्या गोळीपेक्षा वेगळ्या नळीतून जाते. अशा नळीला झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी बसेल अशी साइटची जुळणी, लावता येत नाही, साइट कितीही फिरवा. म्हणून साइटला हात लावण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा : भरलेल्या काडतुसात बसलेली गोळी किती जाडीची आहे? साच्यातून पडलेली नव्हे, सायझरमधून (गोळी ठरलेल्या जाडीची करणाऱ्या साधनातून) निघालेली नव्हे, पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळीत) बसलेली. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

हे सगळं अमेरिकेतल्या परवानगीच्या शिकारीबद्दल आहे. तिथेही राज्यागणिक नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, म्हणजे तिथे ओतीव शिसं फक्त कागदावर. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत राहून हा छंद जडलेल्यांनी सुट्टीत घरी जाताना बॅगेत एखादी रिकामी पुंगळीसुद्धा राहिली नाही ना, हे दोनदा तपासावं.

शिसं कुठे साचलंय ते आधी पाहा

साफ करायची घाई करू नका. साचलेलं शिसं हाच पुरावा आहे. रायफल रिकामी करा, नळीखालचं ट्यूब मॅगझिनही रिकामं आहे याची बोट घालून खात्री करा आणि टॉर्च लावून दोन्ही टोकांकडून नळीत बघा. शिसं राखाडी, चकचकीत पापुद्र्यासारखं दिसतं, बहुधा नळीतल्या पिळाच्या खाचांच्या कडेला धरून.

चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढच्या दोन-चार इंचांत असेल, तर गोळी बारीक आहे. जळत्या दारूचा वायू गोळीच्या बाजूने निसटतो, कडा वितळवत आणि खरवडत जातो आणि तेच शिसं पुढच्या थंड पोलादावर चिकटतं. नळीच्या तोंडाकडच्या शेवटच्या भागात असेल, तर वंगण वाटेतच संपलंय. वंगण पुरेसं असेल तर दहा-बारा गोळ्यांनंतर नळीच्या तोंडावर खाचांच्या रेषेत ग्रीसचा पुसट तारा उमटतो; तो नसेल तर संशय घ्या. सगळीकडे सारखंच साचलं असेल तर वेगाच्या मानाने मिश्रधातू मऊ आहे, किंवा नळी आतून खरबरीत आहे. आणि मध्येच एका जागी पट्टा असेल, तर ती जागा बाहेरून कुठे येते ते मोजा. लिव्हर रायफलच्या नळीवर मागच्या साइटसाठी आडवी खाच पाडलेली असते, खालून मॅगझिन धरणाऱ्या तुकड्यासाठीही असते. त्या खाचांखाली नळी आतून किंचित आवळलेली असण्याची शक्यता असते.

मग साफसफाई. जुन्या ब्राँझ ब्रशवर भांडी घासायच्या शुद्ध तांब्याच्या जाळीचे चार-पाच धागे गुंडाळा, भेदक तेलाचे दोन थेंब टाका आणि पुढे-मागे वीसएक फेरे मारा. जाळी घेताना चुंबक लावून बघा. पुष्कळशा जाळ्या तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या असतात आणि त्या नळी ओरखडतात. मार्लिन ३३६ ला लिव्हरचा स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट बाहेर येतात, मागून साफ करता येतं (इजेक्टर सुटून पडतो, तो सांभाळा). विंचेस्टर ९४ तोंडाकडूनच साफ करावी लागते, म्हणून गजाला मार्गदर्शक पुंगी लावा. तोंडाची कड झिजली की ग्रुप कायमचा गेला.

दोन उपाय कुणी सुचवले तरी करू नका. एक, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण. त्याने शिसं विरघळतं खरं, पण तयार होतं ते लेड ॲसिटेट, विषारी आणि पाण्यात मिसळणारं, शिवाय पोलादही खातं. दुसरा, तांब्याच्या कवचाच्या दोन-चार गोळ्या झाडून शिसं ढकलून काढणं. अरुंद झालेल्या नळीतून कडक गोळी गेली तर दाब वाढतो, आणि शिशावर तांब्याचा थर चढतो तो वेगळाच. तांब्याचा आधीचा थर असेल तर तोही काढून टाकावा लागतो, कारण तांब्यावर शिसं लवकर बसतं.

नळीचं माप

खाचेपासून समोरच्या खाचेपर्यंतचं छापील माप ०.३०८ इंच. त्यावर विसंबू नका. जुनी विंचेस्टर ०.३०९ किंवा त्याहून मोठी निघू शकते आणि मार्लिनच्या मायक्रो-ग्रूव्ह नळ्याही बऱ्याचदा सैल बाजूला असतात. या नळ्यांत बारा उथळ खाचा असतात. 'मायक्रो-ग्रूव्हला ओतीव गोळी चालत नाही' असं जे ठासून सांगितलं जातं, त्याचं कारण सहसा एवढंच, की उथळ खाचांत ०.३०८ किंवा ०.३०९ ची गोळी नीट धरली जात नाही. तीच नळी ०.३१० किंवा ०.३११ ला शहाण्यासारखी वागते.

माप घ्यायला मासेमारीच्या गळाला लावतात ते मऊ शिशाचं अंडाकृती वजन घ्या, नळीच्या भोकापेक्षा किंचित जाड. नळीत तेलाचा कपडा फिरवा, ॲक्शन उघडी ठेवा आणि ते शिसं तोंडाकडून ठोकून आत घाला. पुढे पितळी गजाने ढकलत न्या. लाकडी काठी वापरू नका. ती चिरून तिरपी अडकते आणि मग गनस्मिथकडेच जावं लागतं. ढकलताना हाताला काय लागतं तेही लक्षात ठेवा. एकसारखा प्रतिकार चांगला. मध्येच घट्ट आणि पुढे एकदम सैल झालं, तर आवळलेली जागा सापडली. ती घासून काढणं हे गनस्मिथचं काम.

बाहेर आलेल्या शिशावर जिथे सर्वांत जास्त उंची आहे, म्हणजे नळीच्या खाचांचे ठसे, तिथे मायक्रोमीटरने मोजा. व्हर्नियर इथे कामाचा नाही. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये ज्याला थाऊ म्हणतात, तो इंचाचा हजारावा भाग, इथे सगळा खेळ एक-दोन थाऊंचा आहे आणि व्हर्नियर तेवढा सहज चुकतो.

गोळी या मापापेक्षा एक ते दोन थाऊ जाड हवी. वरची मर्यादा चेंबर ठरवतं : त्याच रायफलीत झाडलेली, री-साइझ न केलेली (परत मूळ मापाला न आवळलेली) पुंगळी घ्या आणि गोळी तिच्या मानेत बोटाने सोडा. सहज आत गेली तर ठीक. अडकली तर ती गोळी या चेंबरसाठी जाड आहे. तशी भरली तर मानेला सुटायला जागा राहत नाही आणि दाब धोकादायक चढतो.

गोळी पुंगळीत शिरताना बारीक होते

साचा चांगला, सायझर ०.३१० चा, मायक्रोमीटरवर ०.३१० भरते, तरीही चेंबरपुढे शिसं. अशा वेळी एक डमी काडतूस बनवा, प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) नाही, दारू नाही. गोळी नेहमीसारखी बसवा, क्रिंप करा (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळा) आणि मग पुलरने ती परत बाहेर काढून मोजा. बुडाजवळ ०.३०८ किंवा त्याहूनही कमी निघाली, तर चोर सापडला.

कारण साधं आहे. बाजारातले थर्टी-थर्टीचे डाय (काडतूस भरायची साधनं) तांब्याच्या कवचाच्या ०.३०८ गोळीसाठी बनवलेले असतात. त्यातला एक्स्पांडर (मान आतून उघडणारा भाग) पुंगळीची मान ०.३०६-०.३०७ च्या आसपास ठेवतो. कवचाची गोळी कडक, ती मान ताणून बसते. शिशाची गोळी मऊ, तिथे मानच गोळीला आवळते. विशेषतः बरेचदा वापरलेल्या, ताठ झालेल्या पितळाची मान.

उपाय : ओतीव गोळीसाठीचा वेगळा एक्स्पांडर, ज्याला एम-डाय म्हणतात. त्याला दोन टप्पे असतात. पहिला मान गोळीपेक्षा एक-दोन थाऊ बारीक इतकीच उघडतो, दुसरा मानेच्या तोंडाशी छोटी पायरी पाडतो, जेणेकरून गोळी हाताने सरळ उभी राहील. कर्ण्यासारखं तोंड फार पसरू नका. पितळ लवकर चिरतं. तोंड अजिबात उघडलं नाही, तर पुंगळीची धार गोळीच्या कडेचं शिसं सोलून काढते. बसवलेल्या गोळीभोवती शिशाची बारीक कड किंवा तार दिसली तर हेच झालंय.

क्रिंप मात्र लागतोच. ट्यूब मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, स्प्रिंगचा दाब आणि रिकॉइल (झाडतानाचा धक्का) गोळीला मागे पुंगळीत ढकलतात. गोळी आत सरकली की दारूची जागा कमी होऊन दाब वाढतो. म्हणून गोळीवरच्या क्रिंपच्या खाचेतच रोल क्रिंप द्या आणि सगळ्या पुंगळ्या एकाच लांबीच्या ठेवा. कमाल २.०३९ इंच, कापून २.०२९-२.०३०. लांबी कमी-जास्त असेल तर एकीला क्रिंप सैल बसतो, दुसरीला इतका घट्ट की खांदा फुगतो आणि काडतूस चेंबरमध्येच जात नाही. बसवणं आणि क्रिंप एकाच फटक्यात करू नका. गोळी खाली सरकत असतानाच तोंड मिटायला लागतं आणि पुन्हा शिसं सोललं जातं. आधी सगळ्या गोळ्या बसवा, मग डाय बदलून क्रिंप.

नाक चपटंच हवं, हा नियम कुठेही वाकवू नका. टोकदार गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं आणि रिकॉइलला मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. आणखी एक : गॅस चेक (गोळीच्या बुडाला लावायची तांब्याची छोटी वाटी) पुंगळीच्या मानेतच राहिला पाहिजे. मानेखाली गेला तर सुटून दारूत पडायची भीती असते.

धातू, वंगण, दारू

बहुतेक जण पहिला उपाय म्हणून धातू कडक करतात. तो शेवटचा उपाय असायला हवा. बारीक गोळी कडक केली तर ती दाबाखाली पसरून नळी भरूही शकत नाही, आणि शिसं आणखीच साचतं.

अंदाज यावा म्हणून ब्रिनेल कडकपणा : शुद्ध शिसं ५, जुनी क्लिपवाली चाकाची वजनं (गाडीच्या चाकाचा तोल साधणारी) ९ ते १२, लायमन नंबर दोन (९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी) १५, लायनोटाइप (छापखान्यातल्या टाइपाचा धातू) २२. गॅस चेक लावलेल्या, मापाला नीट बसणाऱ्या गोळीला सेकंदाला १,६०० ते १,९०० फुटांच्या वेगाला १२ ते १५ पुरेसं आहे. शिकारीला लायनोटाइप नकोच, हाडावर फुटतं. अर्धी चाकाची वजनं, अर्धं मऊ शिसं आणि दोन टक्के कथील हे मिश्रण हरणासाठी चांगलं, वेग थोडा आवरता घ्यावा. अँटिमनी असलेला धातू ओतल्यावर आठवडे-पंधरवडे कडक होत राहतो. काल ओतलेली आणि महिन्यापूर्वीची गोळी एकाच पेटीत मिसळू नका.

चाकाच्या वजनांत आता जस्ताची बरीच असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. म्हणून वितळवताना भांडं ३७० अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नका आणि वर तरंगणारी वजनं झाऱ्याने उचलून टाका. जस्त मिसळलं की धातू दह्यासारखा फाटतो, साचा भरत नाही. आणि पाणी : भांड्याजवळ पाण्याचा थेंबही नको. वितळलेल्या शिशाखाली गेला तर वाफ होऊन सगळं भांडं उडवतो. ओली वजनं थंड भांड्यात टाकून मगच तापवायची. वरची मळी म्हणजे शिशाची धूळ. ती हाताला आणि हातातून तोंडात जाते. जेवायच्या जागी, मुलांच्या वावरात हे काम नाही.

वंगणाबद्दल फार लिहायची गरज नाही. अलॉक्स (पेट्रोलियमपासूनचं वंगण) आणि मधमाशीचं मेण समप्रमाणात, हे जुनं मिश्रण या वेगाला पुरतं. पावडर कोटिंग (वंगणाऐवजी भाजून बसवायचा भुकटीचा थर) करत असाल तर सुमारे २०० अंश सेल्सियसला वीस मिनिटं भाजा, आणि सायझर कोटिंगनंतर, कारण थराने जाडी एक-दोन थाऊ वाढते.

दारूचं वजन फक्त छापील मॅन्युअलमधून, तेही ओतीव गोळीच्या तक्त्यातून, सुरुवातीच्या आकड्यापासून. वेगवान जळणारी दारू इतकी थोडी लागते की पुंगळीत दोनदा पडली तरी कळत नाही. म्हणून पन्नास पुंगळ्या एका ठोकळ्यात उभ्या करून गोळी बसवण्याआधी टॉर्चने प्रत्येकीत बघायचं. संथ दारू तक्त्याच्या खाली कमी करणंही धोक्याचं.

आता झिरो

नळी साफ, गोळी मापाची. साफ नळीतल्या पहिल्या तीन ते पाच गोळ्या मोजू नका. वंगणाचा पातळ थर बसेपर्यंत त्या वेगळ्या जागी जातात. 'साफ केल्यावर चार इंच वर' याचं कारण हेच. झिरो लावायचा तो वंगण बसलेल्या, पण थंड नळीला. तीन गोळ्या झाडा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा तीन.

किती यार्डांचा झिरो? १७० ग्रेन चपटं नाक, वेग १,९००, बॅलिस्टिक कोइफिशंट (गोळी हवेला किती भेदते त्याचा आकडा) ०.२० धरला आणि साइट नळीच्या मध्यापासून ०.९ इंच वर असेल, तर हिशोब असा येतो. १०० यार्डांचा झिरो ठेवला तर ५० ला गोळी एक इंच वर, १५० ला जवळपास पाच इंच खाली. १२५ यार्डांचा ठेवला तर ५० ला पावणेदोन इंच वर, ७५ ला दोन, १०० ला दीड, १५० ला अडीच इंच खाली. २०० ला मात्र अकरा इंचांच्या आसपास घसरण.

१२५ निवडा. हरणाच्या छातीचा मर्मभाग आठएक इंचांचा धरला, तर शून्यापासून १५० यार्डांपर्यंत मधोमध नेम धरून गोळी कुठेही तीन इंचांपलीकडे जात नाही. जंगलात, सात सेकंदांत निर्णय घ्यायचा असताना वर-खाली धरायचा हिशोब डोक्यात नको. १५० च्या पुढे नको. तिथे वेग १,४०० च्या आसपास आलेला असतो, आणि २०० वर अंतराचा पंचवीस यार्डांचा अंदाज चुकला तर गोळी पाच-सहा इंच चुकते. जखमी होऊन पळालेलं हरीण हा या छंदातला सर्वांत वाईट शेवट, आणि तो टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

रेंज फक्त १०० यार्डांची असली तरी चालतं, दीड इंच वर लावा. सुरुवात २५ यार्डांवर पाऊण इंच वर, म्हणजे कागद चुकत नाही. कारखान्याच्या १७० ग्रेन काडतुसाचा वेग २,२०० असतो. त्यावर लावलेल्या साइटचा ओतीव गोळीशी काही संबंध नाही. एक गोळी ठरवा, तिचाच झिरो ठेवा.

साइट अंदाजाने सरकवू नका. दुरुस्ती = चुकीचे इंच × दोन साइटमधलं अंतर ÷ लक्ष्याचं अंतर, सगळं इंचांत. दोन साइटमध्ये १७ इंच असतील आणि १०० यार्डांवर, म्हणजे ३,६०० इंचांवर, गोळी तीन इंच वर आणायची असेल, तर ३ × १७ ÷ ३,६०० = १४ थाऊ. मागची साइट तेवढी वर, किंवा पुढची तेवढी खाली. मागची साइट गोळी न्यायची त्या दिशेला सरकते, पुढची उलट. मागच्या पायऱ्यांच्या पट्टीची एक पायरी बरेचदा यापेक्षा मोठी असते. त्यामुळे पायऱ्यांवर अडकलात तर पुढचं पातं योग्य उंचीचं बसवणं किंवा रिसीव्हरवर (नळीमागच्या पोलादी सांगाड्यावर) पीप साइट (भोकातून बघायची) लावणं हाच मार्ग.

तरीही सरकत असेल तर

शिसं साचत नाही, तरी ग्रुप नळी तापेल तसा उभा ताणला जातो? मग लाकूड आणि बँड बघा. लिव्हर रायफलच्या नळीला मॅगझिनची ट्यूब, पुढचं लाकूड आणि एक-दोन बँड बांधलेले असतात. नळी तापून लांब होते आणि हे सगळे तिला ओढून धरतात. बँडचे स्क्रू, मॅगझिनच्या टोकाचा स्क्रू, टँगचा (रिसीव्हरच्या मागच्या पट्टीचा) स्क्रू तपासा. सैल नकोत, पण आवळून ठासलेलेही नकोत. पुढचं लाकूड थोडं हाताने हललं तरी चालतं. वाळूची पिशवी नेहमी रिसीव्हरच्या लगेच पुढे, लाकडाखाली. नळीखाली किंवा ट्यूबच्या टोकाखाली ठेवली तर गोळी दुसरीकडेच जाते. मॅगझिनमध्ये काडतुसं भरलेली आणि रिकामी असतानाही फरक पडू शकतो. म्हणून झिरो तपासताना मॅगझिन शिकारीला जाताना भरता तितकंच भरा.

शेवटची तपासणी सीझनच्या आदल्या आठवड्यात, वेगवेगळ्या तीन सकाळी, दर वेळी फक्त एक गोळी, थंड नळीतून, १०० यार्डांवर. तिन्ही भोकं एकाच कागदावर पाडा. ती दीड इंच वरच्या बिंदूभोवती दोन-अडीच इंचांत आली, तर साइटला हात लावू नका आणि सीझन संपेपर्यंत नळीत ब्रशही घालू नका. पावसात भिजली तर बाहेरून पुसा, आत एक कोरडा कपडा फिरवा, आणि पुढची एक गोळी त्याच कागदावर.